शेठ वालचंद हिराचंद व ट्रकचा शाफ्ट

आपल्या गोंदिया जिल्ह्यातून मुंबईहून कोलकात्यास जाणारा मोठा रस्ता गेला आहे. त्या रस्त्यावर देवरीच्या बाजूस घटकाभर उभे राहिले, तर तांदळाची पोती, तेंदूपानांचे गठ्ठे, लोखंडाच्या सळ्या अशा नाना वस्तूंनी लादलेले ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. मुलांचे लक्ष साहजिकच इंजिनाच्या आवाजाकडे आणि चाकांच्या आकाराकडे जाते. परंतु इंजिन आणि चाके ह्यांच्या मध्ये, गाडीच्या पोटाखाली, मनगटापेक्षाही बारीक असा एक पोलादी दांडा असतो. इंजिनाची सारी शक्ती त्या एका दांड्यावरून चाकांकडे जाते. यंत्रज्ञ त्यास गिअर-पेटीतून बाहेर निघणारा शाफ्ट असे म्हणतात. तो तुटला म्हणजे इंजिन कितीही गरजले तरी चाक तसूभर हलत नाही. असा शाफ्ट, आणि तो ज्यात बसतो तो संपूर्ण ट्रक, आपल्याच देशात व्हावा म्हणून ज्या गृहस्थाने आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे वेचली, त्या शेठ वालचंद हिराचंद ह्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन. व्यापारानिमित्त ते सोलापुरास येऊन स्थायिक झाले होते. कापसाचा व्यापार व सावकारी हे घरचे धंदे. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातील सुधारणेच्या कार्यात पुढाकार घेणारे म्हणून प्रसिद्ध होते. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मातोश्री वारल्या, त्यामुळे आईची माया अशी त्यांनी अनुभवलीच नाही. शिक्षण सोलापुरास, नंतर मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. मात्र पदवी न घेताच त्यांनी कॉलेज सोडले. घरी भाषा गुजराती असली तरी सोलापूरच्या मातीत वाढल्यामुळे मराठी ही त्यांची दुसरी मातृभाषाच झाली होती. पुढे १९२७ साली महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांची चेंबर स्थापन करण्यात त्यांनी जो पुढाकार घेतला, त्याचे मूळ ह्या जिव्हाळ्यात असावे.

घरचा सावकारी धंदा ह्या तरुणास रुचेना. व्याजाच्या वह्या लिहीत बसण्यापेक्षा काहीतरी उभारावे अशी त्याच्या मनाची ओढ होती. ह्याच सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक नामक गृहस्थांशी त्यांची गाठ पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून असून पुढे ठेकेदारीत पडले होते. त्यांस कामाची माहिती होती, परंतु भांडवल नव्हते. वालचंदांपाशी पत होती, परंतु कामाची माहिती नव्हती. दोघांची भागी जमली, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम त्यांनी अंगावर घेतले. ही बार्शीची गाडी २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवरून धावे. गोंदियाहून बालाघाट व नैनपूरकडे जाणारी जी छोटी गाडी आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिली आहे, तिच्या रुळांतील अंतरही नेमके तेवढेच होते. मातीचे भराव, लहानसहान पूल, खडी, मजुरांचे हिशेब ह्या गोष्टी वालचंद तेथे शिकले. कॉलेजने न दिलेली पदवी त्यांस ह्या छोट्या गाडीच्या मार्गावर मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

ठेकेदारीत त्यांचा जम लवकर बसला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसा तलावाचे पाणी आणणारी नळवाहिनी अशी अवघड कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. तत्पूर्वीच, १९१९ साली, नरोत्तम मोरारजी आदिकरून मुंबईच्या काही व्यापाऱ्यांसह त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले लॉयल्टी नावाचे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आजही आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी भाडी उतरवून ह्या नव्या कंपनीची कोंडी केली. १९२३ साली एक करार स्वीकारून कंपनीने कसाबसा तग धरला. त्या करारातील अटी काही मानाच्या नव्हत्या. पण जहाजे बुडण्यापेक्षा मान थोडा वाकलेला बरा असा व्यवहारी विचार भागीदारांनी केला. जहाजांची ही हकिकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून ती येथेच सोडून मोटारीकडे वळू.

मोटारीच्या प्रश्नाचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. १९२८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत एक कारखाना काढला, व त्यानंतर थोड्याच वर्षांत फोर्ड कंपनीनेही तसेच केले. मग देशात मोटारी होतच होत्या की, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या कारखान्यांत होत असे ती केवळ जुळणी. समुद्रापलीकडून लाकडी खोक्यांत भरून सारे भाग येत. येथील कामगार ती खोकी फोडून बोल्ट आवळीत आणि गाडी तयार करीत. इंजिन तिकडचे, गिअर तिकडचे, शाफ्ट तिकडचे. दळलेले पीठ विकत आणून भाकरी थापावी, आणि आपण शेतकरी झालो असे समजावे, तशातला हा प्रकार होता.

खोक्यातून निघणारा तो शाफ्ट आपल्या देशात करणे इतके कठीण का होते, हे विद्यार्थ्यांस कळावे म्हणून जरा आडवाटेने जाणे भाग आहे.

आपल्याकडील जुन्या भाताच्या गिरण्यांत एका टोकास इंजिन असे व छताजवळून एक लांब शाफ्ट फिरत असे. त्यावर चाके बसवून पट्ट्यांच्या साहाय्याने भात सडण्याची, पाखडण्याची, कोंडा काढण्याची यंत्रे चालवीत. इंजिन त्या शाफ्टला एका टोकाकडून फिरवू पाही, आणि यंत्रे आपल्या भाराने त्यास अडवून धरीत. ह्या ओढाताणीमुळे शाफ्टला जो ताण सोसावा लागतो त्यास पीळ असे म्हणावे. ओले धोतर पिळताना दोन माणसे दोन टोके धरून उलट दिशांनी फिरवितात, तसाच हा प्रकार आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी म्हण आहे. शाफ्टच्या बाबतीत मात्र भार उतरताच पीळ पूर्णपणे गेला पाहिजे, अन्यथा शाफ्ट कायमचा वाकडा झाला असे समजावे.

आता ट्रककडे या. त्या काळी ज्या इंजिनाचा पुढे आपल्याकडील ट्रकांत बराच उपयोग झाला, ते पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन सुमारे ८३ अश्वशक्तीचे होते. हिशेब केल्यास त्याचा पीळ सुमारे २५० न्यूटन-मीटर भरतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारे २५ किलोग्रॅमचे वजन टांगल्यावर जितका जोर लागेल तितका. एवढ्या जोराने भरलेला ट्रक चढावर हलणार नाही. म्हणून गिअर-पेटी लागते. तीत लहान दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकास फिरविते. गती कमी होते, आणि ज्या प्रमाणात गती कमी होते त्याच प्रमाणात पीळ वाढतो. पहिल्या गिअरमध्ये गती सहापट कमी केली असे धरा. तर बाहेर निघणाऱ्या शाफ्टवर १५०० न्यूटन-मीटर पीळ येतो. विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे की, इंजिनाच्या आतील शाफ्टवर एवढा पीळ कधीच पडत नाही. हा मोठा भार गिअर-पेटीच्या दारात उभा असतो.

ह्या शाफ्टचा व्यास ४० मिलिमीटर असल्यास त्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरास सुमारे ११९ न्यूटन इतका ताण येतो. व्यास ५० मिलिमीटर केला, म्हणजे अवघा एक सेंटिमीटर वाढविला, तर तोच ताण ६१ वर येतो. कारण असे की, पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट केला तर शक्ती आठपट. दहावीच्या वर्गातील कोणाही मुलास हे गणित करता येईल, व त्याने ते करून पाहावे. मग सारे शाफ्ट जाडजूडच का करीत नाहीत? कारण शाफ्ट जाड झाला की त्यावरील चाक, त्याचे बेअरिंग, त्याची पेटी ही सर्व मोठी होतात. गाडीचे वजन वाढते, आणि माल वाहण्याची जागा लोखंडानेच भरून जाते.

आणि ताणाचे हे आकडे शांतपणे फिरणाऱ्या गुळगुळीत दांड्याचे आहेत. खरा शाफ्ट गुळगुळीत नसतो. त्यावर चाक घट्ट बसावे म्हणून लांबीच्या दिशेने खाचा पाडलेल्या असतात, त्यांस कारखान्यात स्प्लाइन म्हणतात. जेथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो तेथे पायरी असते. ह्या खाचेच्या कोपऱ्यात, ह्या पायरीच्या कडेला, ताण एकवटतो. कापड फाडण्यापूर्वी शिंपी त्यास कात्रीने लहानशी चीर देतो आणि मग ते हिसक्यासरशी फाटत जाते. पोलादाचेही तसेच आहे. म्हणून कुशल कारागीर पायरीचा कोपरा तीक्ष्ण न ठेवता गोलसर घासतो. शिवाय ड्रायव्हरने चिखलात रुतलेल्या गाडीचा क्लच एकदम सोडला, तर क्षणभर जो हिसका बसतो तो हिशेबातील पिळापेक्षा कितीतरी मोठा असतो. जादा माल लादणाऱ्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

वर्गात मी मुलांकडून एक लहान प्रयोग नेहमी करवून घेतो. खडूची कांडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू पिळावी. ती सरळ आडवी तुटत नाही. तुटलेला भाग मळसूत्राप्रमाणे तिरपा, सुमारे ४५ अंशांचा निघतो. खडूला ओढ सोसत नाही, आणि पिळात सर्वांत मोठी ओढ त्या तिरप्या दिशेनेच असते. कडक पण ठिसूळ पोलादाचा शाफ्ट असाच तिरपा तुटतो. मऊ पोलादाचा मात्र बराच पिळून शेवटी आडवा, सपाट तुटतो. तुटलेला तुकडा हातात घेऊन जाणता मिस्त्री सांगू शकतो की दोष पोलादात होता, की आकारात, की गाडी हाकणाऱ्यात.

तुटण्याचा तिसरा प्रकार सर्वांत फसवा. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले, आणि पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो आस भाराने एकाएकी तुटला नव्हता; लाखो फेऱ्यांत थोडाथोडा चिरत गेला होता. ऑगस्ट व्होलर नामक जर्मन रेल्वे-अभियंत्याने पुढे अनेक वर्षे आसांवर प्रयोग करून दाखविले की, एकदाच दिल्यास ज्या ताणाने पोलादास काही होत नाही, तोच ताण पुनःपुन्हा दिल्यास पोलाद थकते व अखेरीस तुटते. तसेच, ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते कितीही फेऱ्या सोसते, हेही त्याने दाखविले. असा थकून तुटलेला शाफ्ट पाहिल्यास एका कडेपासून शिंपल्यावरील रेषांसारख्या रेषा दिसतात व उरलेला भाग खडबडीत असतो. रेषांचा भाग दिवसेंदिवस चिरत गेलेला. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला.

ह्या सर्वांवर उपाय म्हणून शाफ्टसाठी निकेल-क्रोमियमसारख्या धातूंचे मिश्रण असलेले पोलाद वापरतात. तापवून, ठोकून त्यास आकार देतात, खाचा पाडतात, पृष्ठभागात कार्बन मुरवितात, मग लालभडक तापवून तेलात बुडवितात, पुन्हा बेताने तापवितात, आणि अखेरीस केसाहून सूक्ष्म मापात घासतात. वरची साल कठीण, आतला गाभा चिवट, असा पदार्थ त्यातून निपजतो. साल कठीण नसेल तर दाते झिजतील. गाभा चिवट नसेल तर पहिल्याच हिसक्याला खडू होईल. ह्यांपैकी एकेक पायरीसाठी स्वतंत्र भट्टी, स्वतंत्र यंत्र व स्वतंत्र कारागीर लागतो. चार बोल्ट आवळणाऱ्या कारखान्यात हे होणे नाही.

हे सारे जाणूनच थोर अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून हिंदुस्थानात मोटारीचा पुरा कारखाना काढण्याची योजना आखली. ती योजना वालचंदांनी उचलून धरली. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ होते. भागधारकांस काही वर्षे व्याजाची हमी देण्यास ते अनुकूल झाले, आणि वालचंद १९३९ साली अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी त्यांचे बोलणे झाले, ते फिसकटले. क्रायस्लर कंपनीशी मात्र जमले. डॉज, फार्गो, डिसोटो ह्या नावांचे ट्रक ह्याच कंपनीचे होत. परंतु नियती विचित्र असते. १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आणि हमीचा आधार गळून पडला.

मग हिंदुस्थान सरकारकडे खटपट झाली. सरकारने उत्तर दिले की, मोटारीच्या कारखान्याने युद्धकार्यास मदत होणार नाही. ज्या युद्धात सैन्य, तोफा, अन्न, सारे ट्रकांवरून वाहिले जात होते आणि ते ट्रक हजारोंच्या संख्येने कॅनडा-अमेरिकेतून समुद्रमार्गे आणावे लागत होते, त्या युद्धात हे उत्तर दिले गेले हे ध्यानात घेतले म्हणजे सरकारच्या मनातील खरी भीती कोणती होती हे सांगावयास नको. येथे शाफ्ट घडू लागला तर उद्या येथे आणखी काय घडेल, ही ती भीती.

वालचंद निराश होऊन घरी बसणाऱ्यांपैकी नव्हते. अमेरिकेहून परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली नामक अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली. हे गृहस्थ चीनमध्ये विमाने तयार करीत असत. वालचंदांच्या डोक्यात तेथल्या तेथेच विमानाच्या कारखान्याची कल्पना शिरली. मोटार होऊ देत नाहीत तर विमान करू! म्हैसूर संस्थानाने जागा व २५ लाख रुपयांचे भांडवल दिले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. मोटारीस नकार देणाऱ्या सरकारनेच पुढे युद्धाच्या गरजेपोटी १९४२ साली वालचंदांचा त्यातील वाटा विकत घेतला. तसेच २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम् येथे बाबू राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते जहाजांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. पुढील वर्षी एप्रिलात जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि कामास मोठा अडथळा आला. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज पाण्यात उतरले.

एकाच वेळी इतके व्याप डोक्यावर घेणे शहाणपणाचे होते काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो त्यांच्या हयातीतही पुष्कळांनी विचारला. प्रस्तुत लेखकास वाटते की, वालचंदांपाशी पैशापेक्षा धाडस नेहमी चार पावले पुढे असे, आणि त्यामुळे त्यांच्या भागीदारांना पुष्कळदा रात्रीची झोप लागत नसावी. बंदराचा कारखाना आणि विमानाचा कारखाना हे दोन्ही शेवटी सरकारकडे गेले; व्यापारी हिशेबाने पाहता त्यांत त्यांस फारसे यश आले असे म्हणता येत नाही. पण कारखाने राहिले, ते आजही आहेत.

मोटारीचा विषय त्यांनी सोडला नव्हता. १९४४ साली मुंबईजवळ कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी त्यांनी स्थापन केली. आधी १९४२ साली बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स कंपनी निघाली होती, म्हणजे ह्या क्षेत्रात पहिला मान त्यांच्याकडे गेला नाही. क्रायस्लरशी पूर्वी झालेल्या कराराचे आता चीज झाले, आणि १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. मात्र सत्य सांगावयाचे तर आरंभी ह्याही गाड्या बव्हंशी अमेरिकेहून आलेल्या भागांच्याच होत्या. ज्या जुळणीची वालचंद टीका करीत आले, तीच त्यांस प्रथम करावी लागली. फरक हेतूचा होता: जनरल मोटर्सला जुळणीवरच थांबावयाचे होते, कुर्ल्यास तेथून पुढे जावयाचे होते. हेतू मनात असणे आणि भट्टीतून शाफ्ट निघणे ह्यांत मात्र बरेच अंतर असते, व ते अंतर एकट्या कारखानदारास तोडता येत नाही. चांगले मिश्र पोलाद लागते, ते करणाऱ्या गिरण्या लागतात. गिअर कापणारी यंत्रे लागतात. आणि माल खपेल अशी खात्री लागते.

खात्रीचा प्रश्न सरकारच्या हाती होता. १९४९ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने पूर्ण तयार गाड्यांची आयात बंद केली. त्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. ज्या माणसाचे पाय कधी एका जागी ठरले नाहीत त्यास अंथरुणावर पडून राहण्याची वेळ आली. १९५० साली त्यांनी साऱ्या कंपन्यांच्या कारभारातून अंग काढून घेतले, आणि तो त्यांच्या बंधूंनी व सहकाऱ्यांनी सांभाळला. पत्नी कस्तुरबाई ह्यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

त्याच १९५३ साली टॅरिफ कमिशनने असा निर्णय दिला की, ज्या कंपन्या क्रमाक्रमाने सर्व भाग ह्याच देशात करण्याचा कार्यक्रम स्वीकारतील त्यांनाच येथे मोटारी करण्यास मुभा असावी. केवळ जुळणी करणाऱ्यांनी आपले काम आवरावे. जनरल मोटर्स व फोर्ड ह्यांनी आपले कारखाने बंद करून देश सोडला. विश्वेश्वरय्यांनी व वालचंदांनी जी गोष्ट अठरा वर्षे मागितली होती ती अशी मिळाली, पण मागणाऱ्यांपैकी एक ती पाहावयास राहिला नव्हता. विश्वेश्वरय्या मात्र १९६२ पर्यंत जगले.

पुढे कुर्ल्याच्या ट्रकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसू लागले. डिझेल इंजिनाचे धक्के पेट्रोल इंजिनापेक्षा जोरकस असतात, म्हणून इंजिन बदलले की शाफ्ट, त्याच्या खाचा, त्यापुढील दांडे ह्या सर्वांचा हिशेब नव्याने करावा लागतो. आजही हौशी लोक गाडीच्या इंजिनाची शक्ती वाढवून घेतात व शाफ्ट जुनाच ठेवतात. मग तो कोठे तुटेल हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. अमेरिकेत डॉज घराण्यातील भारी पिकअप गाड्या आता रॅम ह्या नावाने विकल्या जातात. त्यांतील कमिन्स कंपनीच्या डिझेल इंजिनाचा पीळ २०२१ सालच्या नमुन्यात १३५० न्यूटन-मीटरांहून अधिक आहे. पहिल्या गिअरमध्ये तो नुसता तिप्पट झाला असे धरले, तरी बाहेरच्या शाफ्टवर ४००० न्यूटन-मीटरांहून जास्त भार येतो. आमच्या उदाहरणातील ४० मिलिमीटरच्या शाफ्टवर तेवढ्या पिळाने किती ताण येईल, हे मुलांनी वरील गणितावरून काढावे.

वालचंदांची आठवण ज्या ठिकाणी अजून कामाच्या रूपाने टिकून आहे त्यांत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर हे मुख्य होय. इंदापूर तालुक्यातील कळंब येथील माळरानावर त्यांनी उसाची शेती व साखर कारखाना उभारला. त्या कारखान्याच्या यंत्रांची डागडुजी करता करता तेथे जो यंत्रशाळेचा व्याप वाढला, त्यातून पुढे साखर कारखान्यांची संपूर्ण यंत्रे, अवजड गिअर-पेट्या आणि भारताच्या अग्निबाणांचे भाग तयार होऊ लागले. उसाच्या चरकात घडीव पोलादाच्या शाफ्टवर बिडाचे कवच तापवून चढवितात. ते थंड होताना आवळून असे बसते की कितीही पीळ दिला तरी सुटत नाही. वालचंदांनी कुर्ल्यास जे करावयाचे योजिले होते त्याच्याशी ह्या कामाचे नाते अगदी जवळचे आहे. सांगलीस १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी कॉलेज पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शाफ्टवरील ताणाचे वर सांगितलेले गणित तेथील विद्यार्थी आरंभीच्या वर्षांतच शिकतात.

कुर्ल्याच्या कारखान्याने इटलीतील फिआट कंपनीशी १९५१ साली करार केला, आणि त्यातून जी लहान मोटार निघाली तिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशास ठाऊक झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. नियमाप्रमाणे वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यामुळे मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.